संगणकीय खेळांसाठी हेडफोन की स्पीकर? : ध्वनिशास्त्र, नागपूरचा उन्हाळा आणि श्रवणस्वास्थ्य यांच्या अनुषंगाने एक विवेचन

प्रस्तावना

संगणकावरील खेळ हा आता केवळ रिकाम्या वेळेचा विरंगुळा राहिलेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ई-क्रीडा प्रकारास बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली आणि त्याची जबाबदारी युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाकडे सोपविली. २०२३ मध्ये झालेल्या हांगझो आशियाई क्रीडा स्पर्धांत ई-क्रीडेसाठी पदकेही देण्यात आली. साहजिकच महाविद्यालयीन स्नेहसंमेलने आणि वसतिगृहे येथपर्यंत हा विषय येऊन पोहोचला आहे. खेळासाठी संगणक जुळविताना विद्यार्थी प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांची चौकशी बारकाईने करतो. परंतु ध्वनीचे साधन मात्र उरलेल्या पैशांत, बहुधा रूप पाहून निवडले जाते. हेडफोन घ्यावा की स्पीकर, या प्रश्नाकडे सर्वसामान्यतः आवडीनिवडीचा प्रश्न म्हणून पाहिले जाते.

वस्तुतः हा प्रश्न तीन गोष्टींशी निगडित आहे : मानवी कानास दिशेचे ज्ञान कसे होते, खेळण्याची खोली कशी आहे, आणि कानावर आठवडाभरात एकूण किती ध्वनी पडतो. नागपूरसारख्या शहरात यात आणखी एका घटकाची भर पडते, तो म्हणजे कूलर. प्रस्तुत लेखात या घटकांचा क्रमाने विचार केला असून, साधनाच्या निवडीपूर्वी खोलीतील पार्श्वध्वनीचा विचार होणे अगत्याचे आहे, हे प्रतिपादन करण्याचा प्रयत्न आहे.

दिशाज्ञानाचे शास्त्र

ध्वनी कोणत्या दिशेने येतो हे मेंदूला कसे कळते, याचे मूलभूत स्पष्टीकरण लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडले. डावीकडून येणारा ध्वनी डाव्या कानात किंचित आधी व उजव्या कानात किंचित नंतर पोहोचतो. मानवी डोक्याची त्रिज्या सुमारे पावणेनऊ सेंटिमीटर धरल्यास हा फरक जास्तीत जास्त ०.६६ मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाच्या सुमारे पंधराशेव्या भागाइतका येतो. सुमारे दीड हजार हर्ट्झपेक्षा कमी वारंवारतेच्या ध्वनीसाठी मेंदू मुख्यत्वे या कालभेदावर विसंबतो. त्याहून उच्च वारंवारतेचा ध्वनी डोक्याच्या आडोशामुळे दूरच्या कानात क्षीण होऊन पोहोचतो. तेथे तीव्रतेतील भेद कामी येतो.

तथापि एवढ्याने समोरचा आणि मागचा ध्वनी यांत फरक करता येत नाही, कारण दोन्ही स्थितींत कालभेद व तीव्रताभेद जवळजवळ सारखेच असतात. हा फरक कानाच्या पाळीच्या वळणांमुळे कळतो. पाळीवरून परावर्तित होताना ध्वनीच्या उच्च वारंवारतांमध्ये दिशेनुसार विशिष्ट चढउतार होतात आणि मेंदूला त्यांची लहानपणापासून ओळख झालेली असते. याशिवाय मान किंचित वळविल्याने समोर-मागे हा संभ्रम दूर होतो, हे वॉलॅक यांनी १९४० मध्ये प्रयोगाने दाखविले.

डोके, खांदे व कानाची पाळी यांमुळे ध्वनीत होणाऱ्या या बदलांचे गणिती रूप तयार करून ते खेळाच्या ध्वनीवर लावले, तर केवळ दोन कानांना दिलेल्या दोन ध्वनींतून पाठीमागच्या पावलांचा आभास निर्माण करता येतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘ऑरिअल’ या कंपनीच्या साउंड कार्डांनी हे तंत्र घरगुती संगणकावर आणले. पुढे ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ या खेळात २०१७ मध्ये व ‘व्हॅलोरंट’ या खेळात २०२१ मध्ये अशी सोय खेळातच अंतर्भूत झाली. अशा नेमबाजीच्या खेळांत प्रतिस्पर्धी दिसण्यापूर्वी त्याची पावले ऐकू येतात. म्हणून दिशाज्ञान हा तेथे जयापजयाचा भाग ठरतो.

हे तंत्र डाव्या कानाचा ध्वनी फक्त डाव्या कानात आणि उजव्याचा फक्त उजव्या कानात पोहोचेल, या गृहीतकावर उभे आहे. हेडफोनमध्ये ते आपोआप पूर्ण होते. स्पीकरच्या बाबतीत मात्र डाव्या स्पीकरचा ध्वनी दोन्ही कानांत शिरतो. ही सरमिसळ गणिताने रद्द करण्याची पद्धत अटल व श्रोडर यांनी १९६० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत दाखविली होती. परंतु तिच्या उत्तम परिणामासाठी श्रोत्याने एका ठरावीक जागी जवळजवळ स्थिर बसावे लागते. दोन साध्या स्पीकरांतून डावे-उजवे उत्तम कळते. मागचे सहसा कळत नाही.

स्पीकर आणि खोली

स्पीकर विकत घेताना आपण प्रत्यक्षात खोलीसह तो विकत घेत असतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. कानावर पडणारा ध्वनी हा स्पीकरकडून थेट आलेला आणि भिंती, छत व फरशीवरून परावर्तित झालेला, अशा दोन भागांचा असतो. सॅबाइन यांच्या सूत्राने याचा अदमास घेता येतो. बारा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशी खोली घेऊ. तिचे घनफळ सुमारे ३४ घनमीटर आणि सर्व पृष्ठभागांचे क्षेत्रफळ सुमारे ६३ चौरस मीटर भरते. प्लास्टरच्या भिंती, सिमेंटचा स्लॅब व गुळगुळीत फरशी हे पृष्ठभाग ध्वनीचा सरासरी वीसावा भाग शोषतात असे धरले, तर रिकाम्या खोलीतील निनादकाल पावणेदोन सेकंदांच्या जवळपास येतो. अशा खोलीत स्पीकरपासून केवळ पाऊण-एक फुटाच्या पलीकडे परावर्तित ध्वनी थेट ध्वनीवर मात करतो.

आता याच खोलीत कापसाची गादी, जाड पडदे, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट व पुस्तकांची मांडणी आणली आणि एकूण शोषण दहा चौरस मीटरपर्यंत गेले असे समजू. निनादकाल अर्ध्या सेकंदाच्या आसपास उतरतो आणि थेट ध्वनीचे वर्चस्व दीड फुटापर्यंत टिकते. यावरून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. एक, संगणकासाठीचे स्पीकर दूर, मोठे व दणदणीत असण्यापेक्षा जवळ, लहान व कानाच्या उंचीवर असणे श्रेयस्कर होय. दोन, दोन्ही स्पीकर व श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा आणि स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यात खुपसू नयेत. कारण कोपऱ्यात खर्जाचे स्वर अवास्तव फुगतात व बारीक ध्वनी त्यांखाली झाकले जातात.

स्पीकरचे काही गुण हेडफोनमध्ये येत नाहीत. ध्वनी डोक्याच्या आत न भासता समोरच्या अवकाशात भासतो. खर्जाचा आघात अंगावर जाणवतो. कानावर दाब पडत नाही, घाम येत नाही, आणि घरातील हाक व दारावरची घंटा ऐकू येते. कथाप्रधान खेळ, मोटारींच्या शर्यती, दोघांनी शेजारी बसून खेळावयाचे खेळ यांसाठी स्पीकर हेच स्वाभाविक साधन होय.

हेडफोनचे गुण व मर्यादा

हेडफोनमध्ये खोलीचा प्रश्नच उरत नाही. निनाद नाही, भिंती नाहीत, दिशेची खूण अविकृत पोहोचते. संघाने खेळताना मायक्रोफोन लागतोच. स्पीकर चालू असल्यास सहकाऱ्याचा आवाज पुन्हा त्याच मायक्रोफोनमध्ये शिरतो, ही अडचणही हेडफोनने टळते.

मात्र खरेदी करताना काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ‘७.१ सराउंड’ असे खोक्यावर छापलेल्या बहुसंख्य हेडफोनांत प्रत्येक कानाला एकच ध्वनिपटल असते. सराउंडचा परिणाम सॉफ्टवेअरने साधलेला असतो. खेळातील दिशादर्शक सोय सुरू असताना हेडफोनचीही सराउंड सोय सुरू ठेवल्यास एकाच ध्वनीवर दोनदा संस्कार होतो व दिशा स्पष्ट होण्याऐवजी पुसट होते. यांपैकी एकच सुरू असावी, आणि स्पीकरवर खेळताना हेडफोनसाठीची सोय बंद करावी.

बिनतारी हेडफोनांत ब्लूटूथ व स्वतंत्र २.४ गिगाहर्ट्झ रिसीव्हर असे दोन प्रकार आढळतात. सर्वसाधारण ब्लूटूथमध्ये ध्वनी सेकंदाच्या दहाव्या ते पाचव्या भागाइतका उशिरा पोहोचू शकतो. चित्रपटात चित्र मागे खेचून हे जुळविता येते, खेळात येत नाही. शिवाय पारंपरिक ब्लूटूथवर मायक्रोफोन सुरू होताच ऐकण्याचा दर्जाही उतरतो. म्हणून खेळासाठी तारेचा किंवा स्वतंत्र रिसीव्हरचा हेडफोन घेणे युक्त होय.

रचनेच्या दृष्टीने पाठीमागून उघडे आणि बंद असे दोन प्रकार आहेत. उघड्या हेडफोनमध्ये ध्वनी मोकळा वाटतो व कानाला वारा लागतो. परंतु बाहेरचा सर्व आवाज आत येतो. बंद हेडफोन बाहेरचा आवाज काही प्रमाणात अडवितो, पण हा अडसर उच्च वारंवारतांपुरता प्रभावी असतो. पंख्याची घरघर ही मुख्यतः नीच वारंवारतेची असल्याने ती बंद हेडफोनमधूनही बऱ्याच अंशी आत येते. नागपूरच्या संदर्भात हा मुद्दा कळीचा आहे.

नागपूरचा उन्हाळा : कूलरचे गणित

गुढीपाडव्याच्या सुमारास विदर्भात कूलर खाली निघतात, त्यांच्या ताट्या बदलल्या जातात आणि मृग लागेपर्यंत ते अहोरात्र चालतात. नवतप्याच्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या आसपास असताना कूलर बंद ठेवून खेळा, असा उपदेश कोणी करणार नाही. तथापि याच काळात महाविद्यालयीन परीक्षा आटोपून सुट्या लागलेल्या असतात. वर्षातील सर्वाधिक खेळण्याचे तास आणि खोलीतील सर्वाधिक पार्श्वध्वनी हे दोन्ही एकाच ऋतूत एकत्र येतात.

याचा परिणाम एका उदाहरणाने पाहू. हिवाळ्यात शांत खोलीतील पार्श्वध्वनी ४० डेसिबल आहे असे समजा. पावलांचा बारीक आवाज ओळखू येण्यासाठी तो कानाशी साधारण तेवढाच असावा लागतो. खेळातील गोळीबार व स्फोट हे पावलांपेक्षा २५ डेसिबलने वरचे धरले, तर ते ६५ डेसिबलवर येतात. एकूण वेळेच्या एक-दशांश वेळच असा मोठा आवाज होतो असे मानल्यास सरासरी ५५ डेसिबलच्या आसपास राहते. हा ध्वनी कानास निरुपद्रवी आहे.

आता उन्हाळा आला. कूलर पूर्ण गतीवर असताना कानाशी ६५ डेसिबल घरघर पोहोचते असे समजू. पावले ऐकू यावीत म्हणून खेळाडू आवाज वाढवितो. पावले ६५ वर, गोळीबार ९० वर आणि सरासरी ८० डेसिबलवर जाते. खेळ तोच, हेडफोन तोच, खेळाडूही तोच. सरासरीत २५ डेसिबलांची वाढ केवळ कूलरमुळे झाली. विशेष म्हणजे खेळाडूला आवाज मोठा केल्याचे जाणवतही नाही, कारण घरघरीच्या तुलनेत तो पूर्वीइतकाच भासतो.

हेच गणित स्पीकरलाही लागू पडते. कान साधन पाहत नाही, पातळी पाहतो. ‘हेडफोनने कान बिघडतात, स्पीकरने नाही’ हा घराघरांतील समज म्हणूनच अपुरा आहे.

श्रवणमात्रा

अंतःकर्णातील केशपेशी ध्वनीच्या कंपनांचे मज्जासंदेशांत रूपांतर करतात. माणसाच्या केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. या हानीचे कारण पातळी आणि काळ या दोहोंचा गुणाकार होय. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी ठरविलेल्या सुरक्षित श्रवणाच्या मानकानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास, आणि बालके व संवेदनशील श्रोते यांच्यासाठी ७५ डेसिबलवर ४० तास ही मात्रा मानली आहे. पातळी दर ३ डेसिबलने वाढली की अनुज्ञेय काळ निम्मा होतो. प्रौढांसाठी ८३ डेसिबलवर २० तास, ८६ वर १० तास आणि ८९ वर ५ तास, असा हा उतार आहे. याच दोन संस्थांनी संगणकीय खेळ व ई-क्रीडा यांसाठीही सुरक्षित श्रवणाचे स्वतंत्र मानक तयार केले आहे.

वरील उदाहरणातील उन्हाळी खेळाडू ८० डेसिबलवर रोज सात तास खेळला, तर आठवड्याचे ४९ तास होतात आणि मात्रा ओलांडली जाते. त्याच खोलीत त्याचा शाळकरी धाकटा भाऊ त्याच आवाजात खेळत असेल, तर ७५ डेसिबलच्या मानकानुसार त्याची मात्रा साडेबारा तासांतच, म्हणजे दोन दिवसांत संपते.

‘बीएमजे पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात नऊ देशांतील १४ अभ्यासांचा व एकूण ५३,८३३ व्यक्तींचा विचार केला आहे. त्यात नोंदलेल्या पातळ्या मोबाइलवरील खेळांत सुमारे ४३ डेसिबल, तर खेळकेंद्रांत ८० ते ८९ डेसिबल अशा होत्या. अनेक अभ्यासांत खेळाची सवय आणि श्रवणहानी किंवा कर्णनाद यांचा संबंध आढळला. मात्र उपलब्ध पुरावा मर्यादित असल्याचेही आढावाकारांनी नमूद केले आहे. एका खोलीत अनेक यंत्रांचा व माणसांचा गलबला असताना प्रत्येक जण आपला आवाज वाढवितो. खेळकेंद्रातील ही स्थिती आणि कूलरच्या खोलीतील स्थिती तत्त्वतः एकच होय.

खेळ संपल्यावर कानात गुणगुण राहणे किंवा काही काळ आवाज दबल्यासारखे वाटणे, ही कानाने दिलेली सूचना समजावी. ती वारंवार मिळत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे उचित होय.

शेजारधर्म आणि नियम

कूलर बाष्पीभवनाने हवा थंड करतो. दमट हवा बाहेर जाण्यास वाट नसेल तर खोली गार होण्याऐवजी चिकट होते. म्हणून दार किंवा समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते. वातानुकूलित बंद खोलीपेक्षा ही स्थिती अगदी वेगळी आहे, कारण स्पीकरचा आवाज त्याच वाटेने शेजाऱ्याच्या अंगणात जातो.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्री १० ते सकाळी ६ हा रात्रीचा काळ धरला जातो. २०१० च्या दुरुस्तीनुसार खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज आपल्या जागेच्या सीमेवर त्या क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाऊ नये. निवासी भागात रात्री दहानंतर हा आकडा ५० डेसिबल होतो. दाट वस्तीत खिडकी उघडी असताना स्फोटांचा खेळ स्पीकरवर खेळून ही मर्यादा पाळणे कठीण आहे. रात्रीसाठी हेडफोन, हा निर्णय येथे जवळजवळ आपोआप होतो.

निवडीचे सूत्र

वरील विवेचनावरून पुढील क्रम सुचविता येईल.

प्रथम पार्श्वध्वनी कमी करावा. संगणकाचे टेबल कूलरच्या झोतासमोर न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावे. सैल जाळी, खडखडणारा पत्रा व कोरडा पडलेला पंप दुरुस्त करावा. पंख्याची गती एक-पंचमांशाने उतरविल्यास त्याचा आवाज साधारणपणे ५ डेसिबलने उतरतो. खेळाचा आवाजही तेवढाच उतरविला, तर अनुज्ञेय काळ तिपटीहून अधिक होतो. कोणत्याही महागड्या हेडफोनने हा लाभ इतक्या स्वस्तात होणार नाही.

दुसरे, आवाजाची पातळी कूलर बंद असताना ठरवावी. पहाटे किंवा हिवाळ्यात पावले स्पष्ट ऐकू येतील अशी खूण निश्चित करून ती लिहून ठेवावी. कूलर सुरू झाल्यावर पावले ऐकू येईनाशी झाली, तर खूण वाढविण्याऐवजी घरघर कमी करण्याचा उपाय शोधावा. हातभर अंतरावरच्या माणसाचे साधे बोलणे हेडफोन घालून मुळीच ऐकू येत नसेल, तर आवाज बहुधा अधिक आहे असे समजावे. मात्र बाहेरचा आवाज मुद्दाम अडविणाऱ्या हेडफोनला ही कसोटी लागू पडत नाही.

तिसरे, खेळाच्या प्रकारानुसार साधन घ्यावे. नेमबाजीच्या व सांघिक स्पर्धात्मक खेळांसाठी हेडफोन, कथाप्रधान व कौटुंबिक खेळांसाठी जवळ ठेवलेले लहान स्पीकर. एकच साधन घेण्याइतकेच पैसे असतील आणि खोली सामायिक असेल, तर हेडफोन घ्यावा.

चौथे, ऋतू ध्यानात घ्यावा. कूलरच्या खोलीत उघड्या प्रकारचा हेडफोन कुचकामी ठरतो. बंद प्रकार घ्यावा, परंतु कानाच्या गाद्या कापडी असाव्यात, कारण रेक्झीनखाली घाम साचतो. सक्रिय ध्वनिनिरोधन हे तंत्र कूलरसारख्या सलग, नीच वारंवारतेच्या घरघरीवरच सर्वाधिक परिणामकारक असते. ते तारेच्या किंवा स्वतंत्र रिसीव्हरच्या हेडफोनात मिळत असेल, तर नागपूरकरासाठी तो खर्च सार्थ आहे. मात्र बाहेरचा आवाज दबल्यावर खेळाचा आवाजही खाली आणला, तरच त्याचा उपयोग.

निष्कर्ष

हेडफोन दिशाज्ञानात सरस आहे, स्पीकर अवकाशाच्या अनुभवात व सहवासात सरस आहे. परंतु दोहोंपैकी कोणते साधन कानास सुरक्षित, या प्रश्नाचे उत्तर साधनात नाही. ते खोलीच्या शांततेत व तासांच्या हिशेबात आहे. समशीतोष्ण देशांत लिहिलेली खरेदीमार्गदर्शने शांत, बंद खोली गृहीत धरतात. विदर्भातील विद्यार्थ्याची खोली वर्षातील अडीच-तीन महिने तशी नसते. हा फरक विचारात न घेता केलेली निवड चुकीची ठरण्याचा संभव आहे.

महाविद्यालयाच्या दृष्टीने यातून काही कर्तव्येही सूचित होतात. ई-क्रीडेची स्पर्धा आयोजित करताना कक्षातील एकूण आवाज मोजावा. नागपुरातच मुख्यालय असलेली राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, अर्थात नीरी, ध्वनिमापनाच्या क्षेत्रात काम करीत असल्याने मार्गदर्शन दूर नाही. वसतिगृहात उन्हाळी सुट्यांपूर्वी श्रवणमात्रेविषयी एखादे तासाभराचे व्याख्यान ठेवता येईल. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या खोलीतील पार्श्वध्वनी कूलर सुरू व बंद असताना मोजण्याचा प्रकल्प देता येईल. खेळ सोडा, असे सांगणाऱ्या प्राध्यापकाचे विद्यार्थी ऐकतीलच असे नाही. परंतु शांत खोलीत पावले अधिक लवकर ऐकू येतात, हे मोजून दाखविल्यास तो कूलरची गती निश्चितच उतरवील आणि त्याबरोबर त्याचे कानही वाचतील.